कोरमविना डागडुजी

नवी मुंबईत पावसाळ्याची वर्दी हवामान खात्याच्या आधी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते. मे महिना सरता सरता कुणीतरी आपल्या बाथरूमच्या छताचा फोटो टाकतो. पांढऱ्या छतावर तपकिरी काठाचा ओला डाग, मधोमध सुटलेले पोपडे आणि खाली एक ओळ : ‘गेल्या वर्षीचाच आहे. फक्त वाढलाय.’ त्यावर तीन जोडलेले हात, एक अंगठा आणि ग्रुप कशाचा आहे याचे भान कधीच नसलेल्या एका सदस्याचे, गुलाबाच्या फुलावर छापलेले ‘शुभ सकाळ’.

नेरूळच्या आमच्या इमारतीत हा डाग दुसऱ्या मजल्यावर आहे. म्हणजे पाणी तिसऱ्या मजल्यावरून येते, हे बालवाडीतल्या मुलालाही कळेल. पण तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे म्हणणे असे, की ‘आमच्याकडे तर खडखडीत कोरडं आहे, येऊन बघा.’ लोक जाऊन बघतात. खरोखर कोरडे असते. कसे नसेल? पाणी सगळे खाली गेलेले असते. मग चौथ्या मजल्यावर संशय, मग गच्चीवर, मग खुद्द पावसावर. शेवटी विषय सर्वसाधारण सभेपुढे येतो. सभेला कोरम नसतो, म्हणून ती अर्धा तास तहकूब होते आणि अर्ध्या तासाने तीच सात माणसे त्याच प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून वैधपणे भांडायला मोकळी होतात.

अशाच एका सभेतून तणतणत घरी आलो, तर भाची जेवायला थांबलेली. ही खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या कॅन्सर संशोधन संस्थेत पीएच.डी. करते. संस्थेचे पूर्ण नाव इतके लांब आहे की आतले लोक तिला ‘अ‍ॅक्ट्रेक’ म्हणतात आणि रिक्षावाले ‘टाटा’. माझी सगळी कैफियत तिने शांतपणे ऐकून घेतली आणि आमटीत भात कालवत म्हणाली, ‘‘मामा, तुम्ही दोन तास सभेत बसलात ना, तेवढ्यात तुमच्या एकेका पेशीत डीएनएच्या आठशेच्या वर दुरुस्त्या झाल्या.’’

‘‘मंजूर कुणी केल्या?’’

‘‘कुणीच नाही.’’

हे उत्तर मला झोंबले. पेशीला सेक्रेटरी नाही, खजिनदार नाही, तीन कोटेशने मागवायची पद्धत नाही, आणि तिसरे कोटेशन कुणाच्या तरी मेव्हण्याचे असण्याचा प्रश्नच नाही. तरीही गळती दिसते, फरशी फोडली जाते, नवी बसते आणि रात्री झोपताना कुणाला काही पत्ताही नसतो. हे कसे जमते ते समजून घ्यायचेच, असे मी ठरवले. त्यामागे विज्ञानप्रेम कमी आणि पुढच्या सभेत बोलायला मुद्दा हवा, ही इच्छा जास्त होती.

मुळात डीएनए बिघडतो, हेच मला ठाऊक नव्हते. वाडवडिलांकडून आलेला ठेवा तो, म्हणजे पक्क्या बांधकामाचा असणार, अशी माझी समजूत. थोडे बरे वाटले ते हे कळल्यावर, की १९५३ साली त्याची रचना उलगडली त्यानंतर बरीच वर्षे भल्याभल्या शास्त्रज्ञांचीही अशीच समजूत होती. ती मोडली स्वीडनच्या तोमास लिंडाल यांनी. त्यांनी हिशेब मांडला, की शरीराच्या उबेत आणि पाण्यात हा रेणू नुसता ठेवला तरी झिजतो. माणसाच्या एका पेशीत दिवसाला सुमारे दहा हजार अक्षरे आपोआप गळून पडतात. विडी नको, ऊन नको, तुर्भ्याच्या सिग्नलवरचा धूर नको. पाणी पुरते. आमच्या इमारतीच्या वास्तुविशारदाला जी गोष्ट शेवटपर्यंत उमगली नाही, ती लिंडाल यांना कळली : पाणी असेल तिथे गळती असणारच. मग ते उलट बाजूने विचार करू लागले. एवढी झीज असून जीवसृष्टी टिकली आहे, त्या अर्थी कुणीतरी आतून डागडुजी करत असले पाहिजे. १९७४ साली त्यांना जिवाणूत पहिला कारागीर सापडला. २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना, अमेरिकेच्या पॉल मॉड्रिच यांना आणि मूळच्या तुर्कस्तानच्या अझीझ संजार यांना मिळाले, ते या डागडुजीसाठीच.

हा पहिला कारागीर जरा जवळून बघण्यासारखा आहे. डीएनएच्या लिपीत चार अक्षरे : ए, टी, जी, सी. त्यातल्या सीचा पाण्याशी संबंध आला की कधीमधी त्याचा यू होतो. यू या लिपीत चालत नाही. मग ग्लायकोसिलेज नावाच्या गटातले एक प्रथिन डीएनएच्या दुपेडी दोरीवरून सरकत येते, यू भेटला की त्याला दोन धाग्यांमधून बाहेर वळवून आपल्या खोबणीत ओढते. खोबणी अशी बेतलेली, की तिच्यात यू बसतो. त्याचा जवळजवळ जुळा भाऊ असलेला टी बसत नाही. बसला की तोडायचा. नाही बसला, पुढे चला. याला म्हणतात स्थळपाहणी. आमच्याकडे स्थळपाहणीला पाच जण जातात आणि चहा पिऊन येतात.

आता यू गेला, पण त्या जागी भोक पडले. भोक यूपेक्षा घातक. इथे मी भाचीला थांबवले, कारण पुढचे मला माहीत होते. आमच्याकडे गेल्या वर्षी प्लंबरने नहाणी ट्रॅपभोवतीच्या सहा फरश्या फोडल्या, आत पाहून ‘बापरे’ म्हणाला आणि गणपतीला गावी गेला. तो दसऱ्याला उगवला. मधल्या काळात काकूंकडची मंडळी आंघोळीला चौथ्या मजल्यावर जात आणि दुसऱ्या मजल्यावरचा डाग हॉलपर्यंत पोचला.

‘‘पेशीत असं होत नाही,’’ भाची म्हणाली. ‘‘यातली बरीच प्रथिनं भोक पाडून निघून जात नाहीत. तिथेच चिकटून, भोक झाकून बसतात. पुढचं प्रथिन येऊन त्यांना बाजूला सारतं, तेव्हाच सुटतात.’’

हे ऐकून मी हातातला घास खाली ठेवला. पुढचा गडी आल्याशिवाय आधीचा जागा सोडत नाही! हा पुढचा गडी म्हणजे एपीई-१. तो भोकाशेजारी धाग्याचा कणा कापतो. मग पॉलिमरेज बीटा येते, समोरच्या धाग्यावरचे अक्षर वाचून जोडीचे नवे बसवते आणि जुन्याचा उरलेला कपचा काढून टाकते. शेवटी लायगेज सांधा बुजवते. या सगळ्यांच्या मधोमध एक्सआरसीसी-१ नावाचे प्रथिन असते. ते न कापते, न भरते, न जोडते. त्याला हत्यार असे नाहीच. ते फक्त बाकीच्यांना धरून ठेवते. हत्यार नसलेला पदाधिकारी आमच्याकडेही आहे. आम्ही त्याला चेअरमन म्हणतो. फरक एवढाच, की एक्सआरसीसी-१ नसले तर दुरुस्ती अडते.

पार्प-१ हा प्रकार तर मला फार आवडला. डीएनएचा एक धागा तुटला की काही सेकंदांत हे प्रथिन तिथे येऊन बसते आणि स्वतःच्याच अंगावर रेणूंच्या लांबलचक फांद्या फोडू लागते. या फांद्या बघून बाकीचे कारागीर गोळा होतात. फांद्या भरपूर झाल्या की त्यांच्यावरच्या विद्युतभारामुळे पार्पची डीएनएवरची पकड सुटते आणि ते गळून पडते. म्हणजे बोलावणे पाठवता पाठवताच त्याची स्वतःची निघायची वेळ होते. पुढे त्या फांद्या छाटायला आणखी वेगळे प्रथिन. काम संपल्यावर फलक उतरवणारा स्वतंत्र माणूस! आमच्या फाटकावर ‘काम चालू आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व’ हा फलक कोणत्या कामाचा आहे, हे सांगू शकणारे शेवटचे सदस्य पुण्याला राहायला गेले.

आणि एमजीएमटी. अक्षरावर नको ते रासायनिक शेपूट चिकटले, तर हे प्रथिन ते उपटून स्वतःच्या अंगावर घेते. ते शेपूट मग त्याला सोडत नाही. प्रथिन त्या क्षणी निकामी होते आणि पेशी त्याचे तुकडे करून टाकते. एका अक्षराच्या डागडुजीला अख्खे प्रथिन खर्ची पडते. मी काही क्षण गप्प बसलो. आमच्या समितीत कुणी राजीनामादेखील देत नाही.

‘‘केवढी सेवावृत्ती!’’ मी म्हणालो.

‘‘कसली वृत्ती, मामा? त्यांना काही कळत नाही. पेशी म्हणजे सकाळची पनवेल लोकल, सगळे सगळ्यांवर आदळत असतात. आकार जुळला की चिकटतात, काम झालं की आकार बदलतो, की सुटतात. सगळा आराखडा कुणालाच ठाऊक नसतो.’’

इथे माझ्या मनातल्या सहकार्याच्या कल्पनेला तडा गेला. एकोप्यासाठी आम्ही काय काय करत आलो! कोजागिरी केली, सत्यनारायण केला, महिलांसाठी संगीत खुर्ची ठेवली. एकमेकांना समजून घ्या, असे प्रत्येक इतिवृत्ताच्या शेवटी लिहिले. आणि इकडे एकमेकांना काडीचेही न समजणारी मंडळी अब्जावधी वर्षे बिनबोभाट दुरुस्त्या करत आहेत, कारण प्रत्येकाला एकच काम येते आणि ते झाले की जागेवरून उठता येते. आमच्या सोसायटीत उलट आहे. प्रत्येकाला सगळ्यातले सगळे कळते आणि उठत कुणीच नाही.

पेशीची निंदा करायची संधी मात्र मी सोडली नाही, आणि ती लवकरच मिळाली. सकाळी ‘ज्वेल ऑफ नवी मुंबई’च्या तळ्याभोवती फिरणाऱ्यांच्या मानेवर ऊन पडते, तेव्हा त्यातल्या अतिनील किरणांनी शेजारशेजारचे दोन टी एकमेकांना चिकटतात. ही दोन अक्षरे सोडवायला पेशी काय करते? सुमारे तीस अक्षरांचा पट्टा दोन्ही टोकांना कापून काढून टाकते आणि नवा विणते. दोन फरश्यांसाठी अख्खी मोरी! हे अझीझ संजार यांचे क्षेत्र. या कामात एक्सपी-सी शोधते, टीएफटूएच नावाचा मोठा गट दोन धागे उसवतो, एक्सपी-ए खात्री करते आणि एक्सपी-एफ व एक्सपी-जी दोन बाजूंना कापतात. त्यात टीएफटूएचची खरी नोकरी वेगळीच, जनुकांचे वाचन सुरू करून देण्याची; हे जोडकाम. या नावांतल्या ‘एक्सपी’मागे एक कठीण आजार आहे. यांतले एखादे प्रथिन जन्मतः बिघडलेले असले, तर त्या मुलाला उन्हाचा कवडसाही सोसत नाही आणि त्वचेचा कॅन्सर शाळकरी वयातच गाठू शकतो. तेव्हा तीस अक्षरांची उधळपट्टी मी मुकाट मान्य केली.

तरी एक वशिलेबाजी तिथेही आहे. जनुक वाचत जाणारे यंत्र बिघाडापाशी अडले, की ते अडकणे हीच तक्रार धरली जाते आणि तिथली दुरुस्ती आधी होते. जे जनुक त्या पेशीत कुणी वाचतच नाही, तिथला बिघाड रांगेत मागे. म्हणजे रोजच्या वापरातल्या खोल्या आधी, कुलूपबंद फ्लॅट नंतर. आमच्याकडे सेक्रेटरींचा विंग आधी असतो; तत्त्व तेच, निकष निराळा. नक्कल करताना झालेल्या चुका सुधारण्याचे आणखी एक खाते आहे. ते मॉड्रिच यांनी उलगडले. त्यातली खरी मेख अशी, की दोन अक्षरे जुळत नसतील तर जुने बरोबर धरायचे आणि नवे खोडायचे. ज्येष्ठांचा एवढा मान राखणारे दुसरे खाते मला माहीत नाही.

आतापर्यंतच्या बिघाडांत एक धागा तरी शाबूत होता, त्यावरून दुसरा सांधता येत होता. दोन्ही धागे एका जागी तुटले, की प्रकरण गंभीर. इथे पेशी खऱ्या अर्थाने गजबजते. एमआरएन हे त्रिकूट तुटलेले टोक धरते आणि एटीएम या प्रथिनाला जागे करते. डीएनए ज्यांच्यावर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर एटीएम आसपास खुणा करत सुटते, आणि खुणा एक-दोन नव्हेत. तुटीच्या दोन्ही बाजूंना लाखो अक्षरांच्या अंतरापर्यंत. प्रयोगशाळेत या खुणांना रंगद्रव्य जोडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, की काळ्या पार्श्वभूमीवर पेशीचे केंद्रक दिसते आणि त्यात हिरवे ठिपके. एक ठिपका म्हणजे साधारण एक तूट. भाचीचे सध्याचे आयुष्य हे ठिपके मोजण्यात चालले आहे. पेशींना डीएनए तोडणारे किरण दिल्यावर अर्ध्या तासाने मोजायचे, सहा तासांनी मोजायचे, चोवीस तासांनी मोजायचे. निरोगी पेशीत दुसऱ्या दिवशी ते बहुतेक मावळलेले असतात. ‘‘आणि नाही मावळले तर?’’ मी विचारले. ‘‘तर माझा पेपर होतो,’’ ती म्हणाली. प्रत्येक धंद्याचे आपले सुतक आणि आपली दिवाळी असते.

तर गर्दी जमली; आणि इतका वेळ ज्याची मी वाट बघत होतो, ते भांडण इथे सापडले. तुटलेली टोके कशी जोडायची यावर दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, आहेत तशी टोके जुळवा आणि मोकळे व्हा. कू नावाचे कड्यासारखे प्रथिन टोकावर चढते, बाकीचे येतात आणि सांधा बसतो. एखाद-दुसरे अक्षर गळाले किंवा घुसले तर घुसले. आमचे मिस्त्री याला ‘व्हाइट सिमेंट मारून देतो’ म्हणतात. दुसरा पक्ष म्हणतो, घाई नको. टोक आधी मागे कुरतडा, एकेरी धागा मोकळा करा, गुणसूत्राची दुसरी प्रत शोधा आणि तिच्यावरून हुबेहूब नक्कल करून भरा. पहिल्या पक्षाचे पुढारी ५३बीपी-१, दुसऱ्याचे बीआरसीए-१. एक कुरतडण्याला अडवते, दुसरे त्या अडवणाऱ्याला बाजूला सारते. अगदी आमची सभा! पण निकाल कसा लागतो? पेशीच्या वेळापत्रकावरून. विभाजनाआधी डीएनएची प्रत काढून झालेली असेल, तर हुबेहूब नक्कल शक्य आहे, मग बीआरसीएचे चालते. प्रत नसेल तर कुरतडून उपयोग काय, मग झटपट सांधा. कागद हातात आहे की नाही, एवढाच प्रश्न. आमच्याकडे इमारतीचे मूळ नकाशे हरवले असल्यामुळे दोन्ही पक्ष कायम हिरीरीने लढू शकतात.

बीआरसीए-२ हे तर अगडबंब प्रथिन, ३,४१८ अमिनो आम्लांचे. काम एकच. मोकळ्या धाग्यावर आरपीए नावाचे प्रथिन आधी येऊन बसलेले असते. त्याला उठवून त्या जागी आरएडी-५१ बसवायचे. मग आरएडी-५१ चे वेटोळे जुळणारी प्रत हुडकते, सहा अब्ज अक्षरांच्या पसाऱ्यात. एवढा देह बसलेल्याला उठवण्यासाठी लागतो, हे मात्र मला चटकन पटले.

बीआरसीएचे नाव लोकांना ठाऊक आहे ते दुसऱ्याच कारणाने. ही जनुके बिघडलेली असली, तर स्तनाच्या आणि बीजकोशाच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो आणि तो आईबापांकडून मुलांकडे जाऊ शकतो. बीआरसीए-१ चा ठावठिकाणा १७ व्या गुणसूत्रावर आहे, हे अमेरिकेच्या मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० साली दाखवले. पण स्तनाच्या कॅन्सरचे नाते आनुवंशिकतेशी आहे, असे सांगणाऱ्या सुरुवातीच्या संशोधकांत एक पुण्याची बाई होती, हे आपल्याकडे फारसे कुणी सांगत नाही. कमल रणदिवे. हुजूरपागेत आणि फर्ग्युसनमध्ये शिकलेल्या. खारघरच्या संस्थेचे मूळ म्हणजे परळला १९५२ साली सुरू झालेले इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर. त्याचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या शिष्या या रणदिवे. देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा त्यांनी तिथे उभी केली. १९७३ साली काही सहकारी स्त्रियांना घेऊन त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली. ती आज आमच्या वाशीत आहे. नोकरदार मुलींचे वसतिगृह आणि पाळणाघर चालवते. प्रयोगशाळेतल्या बाईला संध्याकाळी साडेपाचला काय लागते, हे ओळखणारी शास्त्रज्ञ. संघटनेच्या रस्त्यावरून मी वर्षानुवर्षे भाजी आणायला गेलो आणि पाटी वाचूनही कधी आत डोकावलो नाही.

बीआरसीएच्या भानगडीतून एक औषधही निघाले आहे. कॅन्सरच्या ज्या पेशीत बीआरसीए बिघडलेले, तिचा नीट दुरुस्तीचा मार्ग बंद असतो. ती पार्पच्या भरवशावर दिवस काढते. औषधाने पार्पलाच डीएनएवर अडकवून टाकले, की तुटी साचत जातात आणि ती पेशी मरते. निरोगी पेशीला दुसरा मार्ग असतो, ती निभावून नेते. या जातीचे पहिले औषध, ओलापॅरिब, २०१४ साली मंजूर झाले. मघाशी सांगितलेला तो फांद्या फोडणारा पार्प इथे जागा सोडूच शकत नाही, हीच औषधाची युक्ती. खुर्चीला चिकटलेल्याने इमारत पडते, याला आता औषधशास्त्राचाही आधार आहे.

दुरुस्ती आवाक्याबाहेर गेली, तर पी-५३ नावाचे प्रथिन पेशीला आधी थांबवते, आणि तरी जमले नाही तर मोडीत काढते. पेशी आतून सुटी होते, तिचे पुडे बांधले जातात, शेजारच्या पेशी ते गिळून माल वापरात आणतात. धूळ नाही, दावा नाही, भाड्याचे चेक थकत नाहीत. नवी मुंबईत पुनर्विकासाचा विषय निघाला की मला हल्ली पी-५३ आठवते. आपल्याकडे त्याचे जनुक एकच असते. हत्तीकडे वीसच्या आसपास आहेत, असे २०१५ साली आढळले, आणि एवढ्या पेशी असूनही हत्तीला कॅन्सर कमी का होतो, त्याचे हे एक कारण मानतात. एवढ्या प्रचंड इमारतीला वीस स्ट्रक्चरल ऑडिटर. आमच्याकडे एक आहे आणि त्याचे बिल थकले आहे.

ही यंत्रणा कुठवर पुरते, हे माहीत असल्यामुळे माणूस ती मुद्दाम मोडतोही. खारघरला २०२३ पासून प्रोटॉन किरणांनी उपचार होतात. तिथे काय किंवा साध्या रेडिएशनमध्ये काय, हेतू एकच : गाठीच्या पेशींचा डीएनए त्यांच्या डागडुजीच्या कुवतीपलीकडे तोडायचा. मात्रा रोज थोडी थोडी देतात, त्यातही हेच गणित. दोन मात्रांच्या मधल्या तासांत निरोगी पेशी आपले सांधे बसवून घेतात, गाठीतल्या पेशींना ते तेवढे साधत नाही.

आणि वाशीत हेच मिरचीपुडीवर करतात. एपीएमसी मार्केटपासून फार लांब नाही, अणुऊर्जा विभागाच्या ‘ब्रिट’चा प्रकल्प आहे. २००० सालापासून तिथे कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखालून मसाले जातात. मात्रा ६ ते १४ किलोग्रे, म्हणजे सहा ते चौदा हजार ग्रे. माणसाला सगळ्या अंगावर एकदम पाच ग्रे मिळाले तरी उपचारांशिवाय वाचणे कठीण, यावरून अंदाज करावा. मसाला किरणोत्सारी होत नाही. त्यातल्या जिवाणूंचा डीएनए मात्र इतका तुटतो की त्यांचे सगळे कारागीर हात टेकतात. अपवाद एकाचा. १९५६ साली अमेरिकेत ऑरेगनमध्ये किरण देऊन निर्जंतुक केलेला मांसाचा डबा तरीही नासला, तेव्हा डायनोकॉकस नावाचा जिवाणू सापडला. पाच हजार ग्रे खाऊनही हा बहुतेक शाबूत. गुणसूत्रांचे शेकड्यांनी तुकडे होतात आणि काही तासांत हा ते पुन्हा बरोबर क्रमाने जुळवतो. खाडीपलीकडे ट्रॉम्ब्यात भाभा अणुसंशोधन केंद्राचे लोक कित्येक वर्षे त्याची प्रथिने अभ्यासत आहेत, आणि पाण्यातले युरेनियम गोळा करण्याच्या कामालाही त्यांनी त्याला जुंपून पाहिले आहे.

आंब्याला मात्रा त्या मानाने हलकी. २००७ साली अमेरिकेने भारतीय आंब्याला पुन्हा दार उघडले, ते किमान चारशे ग्रे देण्याच्या अटीवर. सुरुवातीच्या पेट्या लासलगावला कांद्यासाठी उभारलेल्या केंद्रातून गेल्या. पुढे पणन मंडळाचे केंद्र वाशीतही झाले. चारशे ग्रेने फळाचे काही बिघडत नाही. कोयीत दडलेला भुंगाही लगेच मरतो असे नाही. पण त्याच्या जननपेशींतल्या तुटी दुरुस्त होण्यापलीकडे जातात आणि वंश तिथेच खुंटतो. अमेरिकेला तेवढे पुरते.

हे सगळे भाची सांगत असतानाच तिच्या मामीने कापलेल्या आंब्याच्या एका कोयीतून भुंगा निघाला आणि ओट्यावरून ऐटीत चालू लागला. ‘‘एक्स्पोर्ट क्वालिटी म्हणून डझनामागे दोनशे जास्त घेतलेत त्या मेल्याने,’’ ही म्हणाली. ‘‘हा जिवंत आहे की!’’

‘‘जिवंत असल्याने काही सिद्ध होत नाही, मामी,’’ भाची उठून उभी राहिली. ‘‘याला प्रजा होते का, ते बघावं लागेल. एखादी रिकामी बरणी आहे?’’

मामीने झाडू आणला.